आधुनिक अरब कलेचा क्युरेटर व्हायचं असेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कलेचा इतिहास शिकणारी मुलं, आखातात नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबं आणि दोहा-शारजाची संग्रहालयं पाहून परतलेली मंडळी मला या क्षेत्राबद्दल विचारत असतात. प्रश्न बहुधा तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

आधुनिक अरब कला म्हणजे सुलेखन आणि मशिदींवरची नक्षीच ना?

नाही. ती इस्लामी कला. तिचे अभ्यासक वेगळे, संग्रहालयांतली दालनंही वेगळी. आधुनिक अरब कला म्हणजे ढोबळमानाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९८० च्या दशकापर्यंत कैरो, बगदाद, बेरूत, दमास्कस, खार्टूम, अल्जिअर्स, कासाब्लांका अशा शहरांत घडलेली चित्रकला, शिल्पकला आणि मुद्राचित्रं.

कैरोची कलाशाळा १९०८ मध्ये सुरू झाली. तिथे शिकलेल्या महमूद मुख्तारचं ‘नहदत मिस्र’, म्हणजे इजिप्तचा पुनर्जागर, हे गुलाबी ग्रॅनाइटचं शिल्प १९२८ मध्ये कैरोत उभं राहिलं. १९३८ च्या डिसेंबरात त्याच शहरात जॉर्ज हेनेन आणि त्याच्या मित्रांनी एक जाहीरनामा काढला. नाझी जर्मनीत ज्या कलेला ‘अधोगत’ म्हणून हिणवलं जात होतं तिचा त्यांनी जयजयकार केला. त्यातून ‘कला आणि स्वातंत्र्य’ हा गट उभा राहिला. १९५१ मध्ये जवाद सलीम आणि शाकिर हसन अल सईद यांनी बगदाद आधुनिक कला गट स्थापन केला. १९६९ मध्ये कासाब्लांकाच्या कलाशाळेतल्या शिक्षकांनी आपली चित्रं मराकेशच्या जामा अल-फना चौकात, गारुडी आणि गोष्टी सांगणाऱ्यांच्या शेजारी, उघड्यावर मांडली.

‘अरब’ हा शब्दही जपूनच वापरावा लागतो. या इतिहासात कुर्द आहेत, उत्तर आफ्रिकेतले मूळचे अमाझिघ आहेत, इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती आहेत. बेरूतचा मोठा चित्रकार पॉल गिरागोसियान हा जेरुसलेममध्ये जन्मलेला आर्मेनियन होता. एका शब्दात न मावणारी माणसं एका प्रदर्शनात कशी मांडायची, हा क्युरेटरचा रोजचा प्रश्न आहे.

क्युरेटर करतो काय? चित्रं निवडून भिंतीवर लावतो?

ते सगळ्यात शेवटी. त्याआधी चित्र कुठे आहे ते शोधायचं. ते कुणाच्या मालकीचं आहे, त्यांच्याकडे कसं आलं, त्याआधी कुणाकडे होतं, ही साखळी जुळवायची. प्रदर्शनासाठी उसनं मागायचं, विम्यासाठी किंमत ठरवून घ्यायची, चित्राची आजची अवस्था बारकाईने लिहून काढायची: कुठे रंग सुटला आहे, कुठे कॅनव्हास सैल पडला आहे, चौकट मूळची आहे की बदललेली. मग खास पेटी, वाहतूक, कस्टम्स. चित्र परत जाईल तेव्हा हीच तपासणी पुन्हा.

आणि लेखन. भिंतीवरच्या सत्तर-ऐंशी शब्दांच्या मजकुरासाठी दोन महिने वाचावं लागतं. कॅटलॉगमधला लेख हा बहुतेकदा त्या चित्रकारावरचा पहिला नीट लेख असतो. युरोपीय कलेच्या क्युरेटरमागे दोनशे वर्षांचं लिखाण उभं असतं. इथे चित्राच्या मागे चिकटवलेली एक चिठ्ठी, चित्रकाराच्या मुलीने बुटांच्या खोक्यात जपलेली कात्रणं आणि एखाद्या म्हाताऱ्या मित्राची आठवण एवढ्यावरच भागवावं लागतं. माझ्या मते या पेशाचं खरं स्वरूप यातच आहे. कागद गोळा करायची चिकाटी ज्याच्यात आहे तो इथे टिकतो.

एखाद्या प्रत्यक्ष माणसाच्या कारकिर्दीवरून समजावता का?

नदा शबूत यांच्यावरून सांगतो, कारण या क्षेत्राची बरीचशी पायाभरणी त्यांच्या कामातून झालेली दिसते.

इराकी मुळांच्या शबूत अमेरिकेत, नॉर्थ टेक्सस विद्यापीठात कलेचा इतिहास शिकवतात. त्यांच्या शिक्षणाची सुरुवात स्थापत्यातून झाली, पुढे त्यांनी टेक्ससमध्येच डॉक्टरेट केली. त्या काळात अमेरिकेतल्या विद्यापीठांत ‘आधुनिक अरब कला’ नावाचा विषय जवळपास नव्हताच. इस्लामी कलेचे प्राध्यापक एकोणिसाव्या शतकापाशी थांबत आणि आधुनिक कलेचे प्राध्यापक पॅरिस-न्यूयॉर्कच्या बाहेर पडत नसत. त्यांचं आधुनिक अरब कलेवरचं पुस्तक २००७ मध्ये आलं. अरब जग, इराण आणि तुर्कस्तानच्या आधुनिक कलेचा अभ्यास करणाऱ्यांची जी संघटना आहे, तिच्या स्थापनेतही त्याच वर्षी त्यांचा पुढाकार होता.

दरम्यान २००३ चं युद्ध झालं. बगदादमधलं पुरातन वस्तूंचं संग्रहालय लुटलं गेल्याची बातमी जगभर गेली, आपल्या वृत्तपत्रांतही आली. पण त्याच एप्रिल महिन्यात इराकचा आधुनिक कलेचा राष्ट्रीय संग्रहही लुटला गेला, याची चर्चा फारशी झाली नाही. तिथे सुमारे ८,००० कलाकृती होत्या असं सांगितलं जातं. बहुतेक गेल्या. त्यांच्या नोंदींचीही वाताहत झाली, आणि हे नुकसान जास्त खोल होतं. चित्र चोरीला गेलं तर पोलिसांना सांगता येतं, पण त्याचा फोटो नाही, माप नाही, नोंदवहीतलं पान नाही, तर चोरीला नेमकं काय गेलं हेच सांगता येत नाही. मग ते चित्र अम्मानच्या एखाद्या दुकानात समोर टांगलेलं दिसलं तरी हक्क कशाच्या जोरावर सांगणार?

शबूत यांनी मग त्या संग्रहाचा कागदावरचा सांगाडा पुन्हा जुळवायला घेतला. जुने कॅटलॉग, मासिकांतले फोटो, चित्रकारांच्या स्वतःजवळच्या प्रती, घराघरांतल्या आठवणी. त्यातून इराकी आधुनिक कलेचा एक डिजिटल संग्रह तयार झाला आणि तो कुणालाही इंटरनेटवर पाहता येईल असा ठेवला गेला. या कामाचं उद्घाटन कुणी फीत कापून करत नाही. पण आज इराकी चित्रांवर काम करणारा कोणीही तिथूनच सुरुवात करतो.

२०१० च्या डिसेंबरात दोहामध्ये ‘मत्हफ’ उघडलं. शेख हसन बिन मोहम्मद अल थानी यांनी अनेक वर्षं जमवलेल्या हजारो कलाकृतींवर उभं राहिलेलं हे आधुनिक अरब कलेचं संग्रहालय. एका जुन्या शाळेच्या इमारतीत, परांची आणि पडद्यांचं दर्शनी रूप देऊन ते सुरू झालं. उद्घाटनाचं मोठं प्रदर्शन वस्सान अल-खुदैरी, नदा शबूत आणि दीना चलबी या तिघींनी मिळून घडवलं. नाव होतं ‘सज्जिल’. अरबीत याचा अर्थ ‘नोंद कर’. इतकं नेमकं नाव मी दुसऱ्या कुठल्या प्रदर्शनाला दिलेलं पाहिलं नाही. सोबतच शबूत यांनी पाच ज्येष्ठांची जुनी आणि नवी कामं समोरासमोर ठेवणारं आणखी एक प्रदर्शन केलं: दिया अल अज्जावी, फरीद बलकाहिया, अहमद नवार, इब्राहिम अल सलाही आणि हसन शरीफ.

२०१८ मध्ये त्यांनी अ‍ॅनिका लेन्सन आणि सारा रॉजर्स यांच्याबरोबर अरब कलेच्या मूळ दस्तऐवजांचा जाडजूड संग्रह संपादित केला. चित्रकारांचे जाहीरनामे, पत्रं, वर्तमानपत्रातले वाद पहिल्यांदाच इंग्रजीत एकत्र आले आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ते प्रकाशित केलं. २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजच्या हेसेल संग्रहालयात त्यांनी बगदाद आधुनिक कला गट आणि त्याच्या वारशावर प्रदर्शन उभं केलं.

आता हे सगळं एका ओळीत ठेवून बघा: प्राध्यापकी, पुस्तक, संघटना, संग्रह, प्रदर्शन, संपादन, पुन्हा प्रदर्शन. ‘क्युरेटर’ या पदनामाची सलग नोकरी यात फारशी नाही. ज्यांना पहिल्या दिवसापासून दारावर पाटी हवी असते त्यांना हे पचायला जड जातं, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

इतके कागद आणि इतका शोध कशासाठी? चित्रं आहेत ना समोर?

अनेकदा नसतात. मार्च १९७८ मध्ये बेरूतच्या अरब विद्यापीठात पॅलेस्टाइनसाठी एक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. सुमारे तीस देशांतल्या दोनशेच्या आसपास चित्रकारांनी आपली कामं भेट दिली होती. देश स्वतंत्र होईपर्यंत हे फिरतं संग्रहालय राहील, अशी कल्पना होती. १९८२ मध्ये इस्रायली वेढ्यात ज्या इमारतीत तो साठा होता तिच्यावर बॉम्ब पडले. पुढे क्रिस्टिन खौरी आणि राशा सल्टी या दोघींना बेरूतच्याच एका गॅलरीच्या ग्रंथसंग्रहात त्या प्रदर्शनाचा कॅटलॉग सापडला. त्याचा धागा धरून त्या अनेक देशांत हिंडल्या आणि ज्यांनी चित्रं दिली, आणली, टांगली त्यांच्या मुलाखती घेतल्या. २०१५ मध्ये बार्सिलोनात त्यांचं प्रदर्शन झालं तेव्हा भिंतींवर मूळ चित्रं नव्हती. होते फोटो, पत्रं, आवाज. नाहीशा झालेल्या प्रदर्शनाचं प्रदर्शन!

कधी चित्र वाचतं, पण जखम घेऊन. लेबनॉनच्या सलवा रौदा शुकैर यांचं मोठं प्रदर्शन २०१३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये झालं तेव्हा त्या नव्वदी ओलांडून गेल्या होत्या. त्यात १९४७ ते १९५१ दरम्यान रंगवलेलं एक अमूर्त चित्र होतं. यादवी युद्धात घराजवळ झालेल्या स्फोटाने त्याला भोकं पडली होती, काचेचे तुकडे आत रुतले होते. ते तुकडे काढून, भोकं बुजवून चित्र ‘नवं’ करता आलं असतं. ते तसंच दाखवलं गेलं. दुरुस्त करायचं की जखम ठेवायची, हा निर्णय क्युरेटर, संवर्धनतज्ज्ञ आणि कुटुंब मिळून घेतात आणि प्रत्येक चित्राला उत्तर निराळं असतं. ४ ऑगस्ट २०२० च्या बंदरातल्या स्फोटात बेरूतच्याच सुरसॉक संग्रहालयाच्या रंगीत काचा उडाल्या, कितीतरी चित्रं फाटली. तिथे दुरुस्तीचा मार्ग घेतला गेला. तीन चित्रं पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात नीट करून आणली, त्यांतलं एक गिरागोसियानचं. मे २०२३ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं.

या पेशात शिरायचे मार्ग कोणते?

सरळ रस्ता एकच नाही. व्हेनिशिया पोर्टर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इस्लामी कलेच्या क्युरेटर होत्या. तिथून त्यांनी आजच्या चित्रकारांकडे दार उघडलं आणि २००६ मध्ये अक्षर आणि चित्र यांच्या नात्यावर प्रदर्शन केलं. सलवा मिकदादी यांनी कॅलिफोर्नियात ना-नफा संस्था काढून सुरुवात केली. १९९४ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये अरब जगातल्या स्त्री-चित्रकारांचं प्रदर्शन आणलं, २००९ मध्ये व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कला-प्रदर्शनात, पॅलेस्टाइनचं दालन उभं केलं. सुहैला ताकेश शारजाच्या बर्जील आर्ट फाउंडेशनच्या खाजगी संग्रहातून घडल्या. १९५० ते १९८० च्या दशकांतल्या अरब अमूर्त चित्रांचं प्रदर्शन त्यांनी लिन गम्पर्ट यांच्याबरोबर २०२० मध्ये न्यूयॉर्कला नेलं. साम बर्दाविल आणि टिल फेलराथ हे जोडीने मुक्तपणे काम करत. कैरोच्या ‘कला आणि स्वातंत्र्य’ गटावरचं त्यांचं प्रदर्शन २०१६ मध्ये पाँपिदूत झालं आणि २०२२ पासून ते बर्लिनच्या हाम्बुर्गर बानहोफ या संग्रहालयाचे संचालक झाले.

यांच्यात समान काय, असं विचाराल तर प्रत्येकाकडे स्वतःचा एक तुकडा होता. कुणाकडे एक गट, कुणाकडे एक दशक, कुणाकडे एकच शहर. ‘मला अरब कलेत रस आहे’ एवढ्यावर कुणी दार उघडत नाही. ‘साठच्या दशकातल्या खार्टूमच्या मुद्राचित्रांवर माझ्याकडे तीन वर्षांच्या नोंदी आहेत’ म्हटलं की समोरचा खुर्ची देतो.

अरबी यायलाच हवी का?

हवीच. इंग्रजीवर भागवून प्रदर्शनं करणारे आहेत, पण त्यांना दुसऱ्याने भाषांतरित केलेलंच वाचावं लागतं. १९५० च्या बगदादचं वर्तमानपत्र, चित्रामागची चिठ्ठी, चित्रकाराच्या बहिणीशी फोनवरचं बोलणं, यांपैकी काहीच भाषांतरित होऊन येत नाही. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियावर काम करायचं असेल तर फ्रेंचही लागते.

मराठी माणसाला इथे एक छोटी सोय आहे. फारसीच्या वाटेने आलेले अरबी शब्द आपण रोज वापरतो, आणि गंमत अशी की क्युरेटरच्या कामाचेच शब्द त्यात जास्त आहेत: मजकूर, तपशील, हिशेब, नक्कल, अस्सल, मालक, वारस, तसबीर. मात्र अर्थ तपासून घ्या. आपली ‘तारीख’ अरबीत इतिहासही असते. आपला ‘करार’ तिकडे निर्णय होतो आणि ‘खुलासा’ म्हणजे सारांश. इजिप्तच्या चित्रकार इंजी अफ्लातून यांचं आडनाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थांबलोच. तो आपलाच ‘अफलातून’, म्हणजे प्लेटोचं अरबी नाव.

लिपी महिन्याभरात येते. छापील मजकूर अडखळत का होईना वाचायला दोन-तीन वर्षं धरा. हस्ताक्षर वाचायला त्याहून जास्त.

शिक्षण कुठे घ्यावं?

भारतात कलेच्या इतिहासासाठी बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि अरबीसाठी दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ हे परिचित पर्याय. पुढे लंडनचं सोआस, कैरोचं आणि बेरूतचं अमेरिकन विद्यापीठ, न्यूयॉर्क विद्यापीठाचा अबुधाबी परिसर, नॉर्थ टेक्सस. विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक कोण मिळतो ते आधी पाहा. या विषयाचे प्राध्यापक जगात मोजकेच आहेत आणि त्यांना सविस्तर, मुद्देसूद ईमेल केलं तर उत्तर यायची शक्यता चांगली असते.

नोकऱ्या कुठे आहेत? पैसे मिळतात का?

दोहा, शारजा, अबुधाबी आणि दुबई ही आजची मोठी केंद्रं. अम्मानमध्ये १९८० पासूनची राष्ट्रीय गॅलरी आणि दारत अल फुनून हे कलाकेंद्र आहे, पॅरिसमध्ये १९८७ पासून अरब जग संस्था. युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयांत अशी पदं थोडी असतात आणि एकेक जागा वर्षानुवर्षं रिकामी होत नाही.

आखातातल्या संस्थांत पगाराबरोबर घर, विमानप्रवास अशा सोयी मिळू शकतात, पण व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. संस्थेचं धोरण बदललं की माणसं रातोरात परततात. मुक्त क्युरेटरला प्रदर्शनागणिक मानधन मिळतं, आणि संशोधनाची दोन वर्षं त्यात बहुतेक धरलेलीच नसतात. म्हणूनच शिकवणं, संपादन, भाषांतर अशी जोडकामं जवळपास सगळेच करतात. घरच्यांना हे आधी समजावून सांगा. ‘संग्रहालयात नोकरी लागली’ या वाक्याने त्यांच्या डोळ्यांसमोर सरकारी नोकरी उभी राहते.

लिलावगृहं, श्रीमंत संग्राहक यांच्याशी क्युरेटरचा संबंध काय?

रोजचा, आणि म्हणून सांभाळायचा. क्रिस्टीजने दुबईत पहिला लिलाव २००६ मध्ये केला. २०१० मध्ये अलेक्झांड्रियाच्या महमूद सईदचं गिरक्या घेणाऱ्या दरवेशांचं चित्र तिथे २५ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेलं. पैसा आला की त्याच्या मागोमाग बनावट चित्रंही येतात. ज्या चित्रकाराच्या कामांची पक्की यादी छापलेली नाही, त्याची नक्कल करणं सोपं. महमूद सईदच्या सगळ्या कामांची दोन खंडांतली यादी पुढे प्रसिद्ध झाली आणि बाजाराला एक मोजपट्टी मिळाली. असे खंड अजून कितीतरी चित्रकारांचे व्हायचे आहेत. तरुण अभ्यासकाने एका चित्रकाराची अशी यादी करायला घेतली तर तिच्यावर पुढची पन्नास वर्षं इतरांचं काम उभं राहील.

स्वतःसाठी नियम कडक ठेवा. ज्या चित्रकारावर काम करता त्याची चित्रं विकत घेऊ नका. कुणाच्या घरी चहा पिऊन ‘हे अस्सल आहे’ असं लिहून देऊ नका, तोंडीसुद्धा नको. तुमचं एक वाक्य विक्रेत्याच्या कागदावर कधी चढेल सांगता येत नाही. आणि खाजगी संग्राहकाने चित्र उसनं दिलं म्हणून त्याला कॅटलॉगमध्ये जागा ‘बांधील’ होत नाही, हे पहिल्याच भेटीत नम्रपणे सांगावं.

राजकारणापासून दूर राहून हे काम करता येईल का?

नाही, आणि तसा आव आणणंही योग्य नाही. इंजी अफ्लातून १९५९ ते १९६३ कैदेत होत्या आणि तिथेही रंगवत राहिल्या. सुदानचे इब्राहिम अल सलाही १९७५ मध्ये आरोपपत्राविना सहा महिने तुरुंगात होते. कागदाच्या कपट्यांवर रेखाटून ते वाळूत पुरून ठेवत. २०१३ मध्ये टेट मॉडर्नमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं तेव्हा या आठवणींवाचून त्यांची काळी-पांढरी रेषा समजावून सांगणं शक्यच नव्हतं.

आजही तसंच आहे. १९३६ मध्ये जेरुसलेममध्ये जन्मलेल्या पॅलेस्टिनी अमूर्त चित्रकार समिया हलबी यांचं मोठं प्रदर्शन इंडियाना विद्यापीठाच्या संग्रहालयात फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडायचं होतं. त्या तिथल्याच माजी विद्यार्थिनी. तयारी काही वर्षांची होती. सुरुवात तोंडावर आली असताना सुरक्षेचं कारण सांगून ते रद्द केलं गेलं. त्या चित्रांत रंगांच्या पट्ट्या आणि आकार आहेत. मला ते रद्द करणं मनापासून चुकीचं वाटतं. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या संग्रहालयात मात्र त्याच वर्षी त्यांची चित्रं लोकांनी पाहिली.

दुसऱ्या बाजूला आखातात काम करताना काय दाखवता येणार नाही याच्या मर्यादा असतात. प्रत्येक क्युरेटर आपली रेघ स्वतः आखतो. ती कुठे आहे हे करारावर सही करण्याआधी ठरलेलं असावं.

भारताशी, महाराष्ट्राशी या कलेचं काही नातं आहे?

माझ्या मते हा भाग अजून कुणी पुरेसा उकरलेला नाही. मुंबईत १९४७ मध्ये चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह गट निघाला: गोव्याचे सूझा, आणि रझा, आरा, गाडे, बाकरे, हुसेन. चारच वर्षांनी बगदादचा गट. दोन्हीकडे वसाहतीच्या छायेतली शाळा, युरोपातून आलेली तंत्रं आणि ‘आपलं’ म्हणजे काय हा प्रश्न. हुसेन मथुरेच्या शिल्पांकडे आणि बसोली चित्रांकडे वळले. जवाद सलीम असिरियन शिल्पांकडे, आणि याह्या अल-वासितीने १२३७ मध्ये रंगवलेल्या हस्तलिखिताकडे. दोन्ही गट शेजारी ठेवून प्रदर्शन झालं तर ते पाहायला मी कितीही लांब जाईन.

दुसरा धागा तर थेट पंढरपूरचा. तिथे जन्मलेल्या हुसेन यांना आयुष्याच्या अखेरीस देश सोडून राहावं लागलं. २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं आणि अरब संस्कृतीवर चित्रमालिका रंगवायला घेतली. २०११ मध्ये ते लंडनमध्ये गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोहाच्या एज्युकेशन सिटीत, म्हणजे मत्हफच्याच परिसरात, ‘लौह व कलम’ हे त्यांच्या नावाचं संग्रहालय उघडलं. इमारतीची कल्पना त्यांच्याच रेखाटनावरून घेतलेली आहे. दोहात राहणाऱ्या मराठी मंडळींनी एक दिवस काढून दोन्ही संग्रहालयं पाठोपाठ पाहावीत.

घरबसल्या सुरुवात कशी करू?

मत्हफचा आधुनिक कलेचा विश्वकोश अरबी आणि इंग्रजीत इंटरनेटवर आहे. इराकी कलेचा वर सांगितलेला डिजिटल संग्रहही. एक चित्रकार निवडा, त्याचं किंवा तिचं प्रत्येक काम एका तक्त्यात लिहा: वर्ष, माप, माध्यम, कुठे पहिल्यांदा दाखवलं, आज कुठे आहे. रिकाम्या चौकटी दिसू लागल्या की तुमचा विषय तुम्हाला सापडला. युएईमध्ये असाल तर शारजा आर्ट म्युझियममध्ये बर्जीलचा संग्रह मांडलेला असतो, महिन्यातून एकदा जा आणि प्रत्येक वेळी एकाच चित्रापुढे अर्धा तास थांबा.

एकच कलाकृती पाहायची झाली तर कुठली?

बगदादच्या तहरीर चौकातलं ‘नस्ब अल-हुर्रिया’, स्वातंत्र्याचं स्मारक. हे कधीच उसनं मिळणार नाही, पेटीत बंद होऊन लंडनला जाणार नाही. ५० मीटर लांबीचा पांढरा पट्टा उंचावर धरलेला, त्यावर कांस्याचे १४ शिल्पसमूह. वास्तुकार रिफात चादिर्जी, शिल्पकार जवाद सलीम. अरबी वाक्यासारखं ते उजवीकडून डावीकडे वाचायचं: आधी उधळलेला घोडा, शोक करणाऱ्या बाया, आई आणि मूल, मधोमध तुरुंगाचे गज वाकवणारा सैनिक, आणि डाव्या टोकाकडे शेतकरी, कामगार. काम संपत आलं असताना, जानेवारी १९६१ मध्ये, सलीम हृदयविकाराने गेले. वय ४१. स्मारक उघडलं तेव्हा ते नव्हते. २०१९ च्या हिवाळ्यात सरकारविरोधी आंदोलनात त्याच चौकात तरुण मुलं महिनोन्महिने तळ ठोकून बसली होती. त्यांच्या डोक्यावर तो पांढरा पट्टा होता.